दुसरा चेंडू धरून ठेवला तर

९ जानेवारी

एकशे अठरा उत्तरपत्रिका आज तपासून संपल्या. लाल पेन दोनदा बदललं. ताई म्हणाली, "मास्तरीणबाई, बोटं बघा. खून करून आल्यासारखी दिसतायत." ताई कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर असते. तिच्या बोटांना खडू लागलेला असतो, माझ्याही. आई म्हणते, आपलं घर खडूवर उभं आहे, पाऊस आला की धुऊन जाईल.

या चाचणीवर मुलींचं पुढचं ठरतं. भौतिकीत पंचावन्न किंवा जास्त गुण असतील तर विज्ञान शाखेत राहता येतं, नाहीतर शाखा बदलावी लागते. यादी ३१ तारखेला लागेल. माझंही त्याच सुमारास ठरणार आहे. माझी नेमणूक अजून कच्ची आहे. महिनाअखेर भौतिकीचे सर माझा अहवाल लिहितील, मग मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सही करतील. सरांनीच मला इथे लावून घेतलं. मी याच शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकले. आमच्या घरातून शाळेत शेवटपर्यंत गेलेली मी पहिली. आई कधी गेलीच नाही. ताई तिसरीपर्यंत गेली; मी जन्मले त्या वर्षी तिने शाळा सोडली. तिला शाळेची आवड नव्हती, असं आई सांगते.

सगळ्या बेरजा दोनदा करून पाहिल्या. तरी एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ती आज लिहवत नाही.

१० जानेवारी

लिहिते.

सातवा प्रश्न. दोन सारखे गोळे, पाच-पाच ग्रॅमचे, दोघांवर सारखाच विद्युतभार. सारखे भार एकमेकांना ढकलतात. गोळे दहा सेंटिमीटरवर धरून ठेवले आहेत. सोडले की ते विरुद्ध दिशांना पळतात. फार दूर गेल्यावर प्रत्येकाचा वेग किती? जवळ धरलेल्या गोळ्यांत ऊर्जा साठलेली असते, ती सगळी वेगात बदलते, एवढंच गणित. सरांच्या उत्तरसूचीत उत्तर आहे सेकंदाला साठ सेंटिमीटर.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसते, फार बोलत नाही. तिने उत्तर लिहिलं होतं बेचाळीस. खाली एक ओळ होती: "ऊर्जा दोघांची मिळून एकच आहे, म्हणून प्रत्येकाला अर्धी."

माझं पेन थांबलं. ती ओळ मी तीन वेळा वाचली. मग मी उत्तरसूची पाहिली, साठ होतं, आणि सूत्राचा एक गुण देऊन चार कापले. तिची बेरीज बावन्न झाली.

थांबलेलं पेन मी पुढे का ढकललं? अजून चाळीस पेपर राहिले होते हे खरं आहे. पण ते कारण नव्हतं.

११ जानेवारी

सरांना विचारलं. शिक्षकखोलीत ते एकटेच होते, पेन्सिलीला टोक करत होते. मी उत्तरपत्रिका पुढे ठेवली. त्यांनी ती ओळ वाचली आणि हसले. चिडून नाही, नातवंडाने बूट उलटे घातले की हसतात तसे.

"उत्तर गोल आलंय का हिचं?"

"नाही सर. बेचाळीस पूर्णांक काहीतरी."

"आणि माझं?"

"साठ."

"मग? आकडे मी मुद्दाम असे घेतले की उत्तर गोल यावं, दशांश न उरता. गोल आलं म्हणजे वाट बरोबर आहे. हे गणित मी अकरा वर्षं देतोय. तुलाही दिलं होतं. तू काय लिहिलं होतंस?"

"साठ."

"आणि किती मिळाले?"

"पाचपैकी पाच."

"मग झालं तर." टोकावरची पूड त्यांनी फुंकून टाकली. "हे बघ, तू हुशार आहेस, पण तुझा जीव फार लहान. महिनाअखेर तुझा अहवाल लिहायचाय मला. नसत्या ठिकाणी डोकं घालू नकोस."

बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटलं होतं. ही लाजेची गोष्ट आहे, म्हणून लिहून ठेवते: मला हलकं वाटलं.

१२ जानेवारी, रविवार

हलकं वाटणं एक दिवस टिकलं. आज गणित चार रीतींनी केलं. चारही वेळा बेचाळीस. सर प्रत्येक गोळ्याला साठलेली सगळी ऊर्जा देतात. म्हणजे एकाच साठ्याची दोनदा मोजणी.

ताई कापड घडी करत होती. "तोंड का असं? कुणी मेलंय का?" तिने विचारलं, म्हणून सांगितलं. सोपं करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे एकच तागा आहे. दोघींचे झगे त्यातूनच काढायचे. आणि तुझे सर प्रत्येकीला अख्खा तागा देऊन मोकळे."

"तसंच."

"आमच्याकडे असं केलं तर संध्याकाळी घरी पाठवतील." मग घडी दाबत म्हणाली, "एकीला घट्ट धरून ठेव की. जागची हललीच नाही तर तिला काय लागणार? सगळं दुसरीला. तेव्हा दुसरी जास्त जोरात पळाली, तर तागा एकच होता. आणि तेवढीच पळाली, तर तुझे सर शहाणे."

मी वही घेऊन बसले ती उठलेच नाही. किती सरळ आहे! एक गोळा पक्का धरला तर सगळी ऊर्जा मोकळ्या गोळ्याला मिळेल. दोन्ही मोकळे असतील तर अर्धी अर्धी. सरांच्या रीतीत मात्र दुसरा धरा नाहीतर सोडा, पहिल्याचा वेग तोच. हे डोळ्यांनी पाहता येईल. ताई सहज बोलून गेली, तिला त्यातलं काही कळलं असेल असं नाही, पण मला मात्र प्रयोग मिळाला.

दुपारी ताईच्या मैत्रिणीचा फोन आला, ती आधी कारखान्यात होती आणि आता दुसऱ्या शहरात स्वतःचं शिवणकाम चालवते. ताई म्हणत होती, "हो गं, महिनाअखेर. हिचं पक्कं झालं की." माझ्या नोकरीची ताईला माझ्याहून जास्त काळजी.

१३ जानेवारी

सामान: टेबल टेनिसचे दोन चेंडू (खेळाच्या कपाटातून, नोंदवहीत सही करून). त्यांच्यावर चिकटवायला चॉकलेटचा चंदेरी कागद. नायलॉनचा दोरा ताईचा. प्लास्टिकच्या पाइपचा हातभर तुकडा आणि तो घासायला लोकरीचा मफलर. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या.

आई म्हणाली, "चेंडू खेळायचं वय होतं तेव्हा पुस्तकात डोकं. आता नोकरी लागली तर चेंडू."

१५ जानेवारी

फजिती. माळ्याच्या दांडीवरून दोन्ही चेंडू शेजारी शेजारी सोडले, मध्ये चार सेंटिमीटर. घासलेला पाइप दोघांना टेकवला. चेंडू जरा दूर झाले आणि मलूल होऊन परत आले. दुसऱ्यांदा ताईने एक चेंडू बोटांत धरला, तर दुसरा हललाही नाही. मग लक्षात आलं, आणि स्वतःच्या डोक्यावर हात मारून घेतला. हे मी वर्गात शिकवते! ताईच्या बोटांतून भार तिच्या अंगात आणि अंगातून जमिनीत गेला होता.

"म्हणजे मी धरलं की सगळं माझ्यातूनच वाहून जातं," ताई म्हणाली आणि फार हसली. इतकं हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

शिवाय चुलीवर पाणी उकळत होतं. दमट हवेत भार टिकत नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चहा करू का नको ते एकदा ठरवा. चेंडूंना सर्दी व्हायला नको."

१७ जानेवारी

वर्ग सुटल्यावर खिडकीजवळची मुलगी टेबलापाशी आली. उत्तरपत्रिका काल परत दिल्या आहेत. तिने सातवा प्रश्न उघडून धरला होता.

"बाई, माझं कुठे चुकलं?"

नुसता प्रश्न होता. भांडण नव्हतं, रडणंही नव्हतं. चुकलं असेल तर तिला ते खरोखर बघायचं होतं.

मी म्हणाले, "बघून सांगते."

"यादी लागायच्या आधी सांगाल? घरी म्हणतात शाखा बदलायचीच असेल तर आत्ताच बदल. मी म्हटलं, आधी चूक तर कळू दे."

तिला "तुझं चुकलेलं नाही" एवढे तीन शब्द सांगायला मला काय झालं होतं? सरांचं दार उघडं होतं, एवढंच झालं होतं.

१९ जानेवारी, रविवार

कोरडी हवा, कडक ऊन. आईने स्वतःहून शेजारी जाऊन चहा घेतला. "तुमच्या चेंडूंपायी मी देशोधडीला," असं ओरडून सांगत गेली.

आजची रीत लिहून ठेवते. चेंडू ढकलले जातात बाहेर, म्हणून बाहेरच्या बाजूंनी दोन प्लास्टिकच्या पट्ट्या लावून त्यांना अडवायचं. पाइपने भार द्यायचा. पहिल्या प्रकारात दोन्ही पट्ट्या एकदम काढायच्या. दुसऱ्या प्रकारात एकच काढायची, दुसरी तशीच पक्की ठेवायची. मोकळा चेंडू झोका घेऊन किती लांब जातो ते मागच्या भिंतीवर ताईने डकवलेल्या मापाच्या टेपवर पाहायचं. जास्त वेग, जास्त लांब.

मला एक भीती होती. मला जे हवं आहे तेच मी पाहीन. ताईला तसं म्हटलं. ती म्हणाली, "मग तू बघूच नकोस. तू पट्टी काढ आणि भिंतीकडे पाठ कर. आकडा मी बघते, चिठ्ठीवर लिहिते, तुला शेवटी दाखवते." ताईची नजर कापणीच्या टेबलावर घडलेली आहे. हवेत हलणाऱ्या चेंडूचा अर्धा सेंटिमीटर ती सहज सांगते.

एकदा दोन्ही मोकळे, एकदा एक धरलेला, असं आलटून पालटून चाळीस वेळा केलं. दर वेळी भार काढून नव्याने दिला. पट्टी धरून धरून ताईचा हात भरून आला, म्हणून म्हटलं थोडी विसाव. "धरायचं काम माझं," ती म्हणाली. "तू सोड."

शेवटी चिठ्ठ्या उलगडल्या. दोन्ही मोकळे तेव्हा सरासरी सात सेंटिमीटर. एक धरलेला तेव्हा साडेनऊ. वीस जोड्यांपैकी एकदाही उलटं झालं नव्हतं.

मी जमिनीवर बसले. आनंद व्हायला हवा होता. वाटलं, आता सुटका नाही.

चिठ्ठ्या गोळा करताना पाहिलं तर ताईने आकड्यांखाली भागाकार करून ठेवला होता, साडेनऊ भागिले सात. कुठे शिकली कोण जाणे. विचारायचं राहून गेलं.

२१ जानेवारी

सरांना आकडे दाखवले. त्यांनी कागद हातात घेतला नाही.

"घरातल्या दोऱ्यांवर विज्ञान चालत नाही."

"मग प्रयोगशाळेत करून दाखवते, सर."

"कुणाला?"

'मोठ्या बाईंना' हे ओठांवर आलं होतं, पण मी कागदाची घडी घातली. सर खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "अकरा वर्षं म्हणजे किती मुली झाल्या, मोजल्यास?" मी नाही म्हटलं. "मी मोजल्या," ते म्हणाले, आणि तासाला गेले. मला धमकीच वाटली ती.

२२ जानेवारी

आज सगळ्यांच्या उत्तरपत्रिका परत मागवून सातवा प्रश्न पुन्हा पाहिला. चौसष्ट मुलींनी साठ लिहिलं आहे. उत्तरसूची बदलली तर त्यांचे पाच गुण जाणार का? त्यातल्या नऊ पंचावन्नच्या खाली येतील. एका मुलीचं बरोबर करायला निघाले तर नऊ मुलींचं वाकडं होणार. हे आधी का सुचलं नाही?

ताईला म्हटलं. ताई भाजी चिरत होती. "त्यांना साठ कुणी शिकवलं?"

"आम्ही."

"मग मापच चुकीचं दिलंत तर कापणारीला का दंड?"

हे लिहून ठेवलं.

पण आजची खरी गोष्ट वेगळी आहे. वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीच्या उत्तरपत्रिकेत साठ आहे, पाचपैकी पाच आहेत, माझीच सही आहे. आणि त्याच्या वर, बारीक रेघांनी खोडलेलं, पूर्ण गणितासकट बेचाळीस आहे. तपासताना खोडलेलं वाचायचं नसतं म्हणून मी वाचलं नव्हतं. तिला बरोबर उत्तर आलं होतं. ते पुसून तिने आम्हाला आवडेल ते लिहिलं.

खिडकीजवळच्या मुलीला मी चार गुणांना बुडवलं, ते चार गुण परत देता येतील. हिचं काय परत देऊ? हिला आम्ही काय शिकवलं ते तिने अगदी अचूक शिकून घेतलं आहे.

मी उद्या अर्ज लिहिणार.

२३ जानेवारी

अर्ज पाच वेळा लिहिला. मागणी दोन ओळींची: सातव्या प्रश्नाचं उत्तर बेचाळीस मानावं, ज्यांनी शिकवल्याप्रमाणे साठ लिहिलं त्यांचे गुण कापू नयेत. प्रयोग सर्वांसमोर करून दाखवण्याची परवानगी असावी.

शेवटी एक वाक्य घातलं: "तपासताना हे उत्तर बरोबर असावे असे मला वाटले होते, तरीही मी गुण कापले."

ताईला वाचून दाखवला. तिने सगळा नीट ऐकला. मग म्हणाली, "शेवटची ओळ कशाला?"

"खरी आहे म्हणून."

"खरी असेल. पण कुणी विचारलीय? ती गाळ. मुलीचं काम तिच्याशिवाय होतंय."

"गाळली तर सगळी चूक सरांची दिसेल."

"आहेच की त्यांची."

"ताई, पेन माझं होतं."

ताई एवढं कधी मागत नाही. तिने पुन्हा म्हटलं, "एक ओळ आहे गं. तेवढी माझ्यासाठी गाळ." इतक्या हळू म्हणाली की मी चमकले. तिला माझी केवढी काळजी! मी म्हटलं, माझं काय व्हायचं ते होऊ दे, तू कशाला जिवाला लावून घेतेस. तिने कागद माझ्या हातातून घेतला. मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"ठेव मग. पण अक्षर नीट काढ. ही ओळ घाईत लिहिल्यासारखी दिसतेय."

२४ जानेवारी

अर्ज दिला. मोठ्या बाईंनी माझ्यासमोरच वाचला, शेवटच्या ओळीपाशी चष्मा काढून पुसला. "सोमवारी, प्रयोगशाळेत. सगळा वर्ग येईल. सरही येतील. तुमच्याबरोबर आकडे कोण वाचतं?"

"माझी ताई."

"आणा त्यांना."

जिन्यात सर भेटले. मी बाजूला झाले. ते म्हणाले, "सोमवारी ढग आहेत म्हणतायत," आणि खाली उतरले.

२७ जानेवारी

क्रमाने लिहिते.

ढग होतेच. ताईने अर्धा दिवस रजा घेतली, इस्त्रीची साडी नेसली. या शाळेत ती पहिल्यांदाच आली. माझ्या निकालांच्या दिवशीसुद्धा तिला कामावरून सुटता आलं नव्हतं. मोठ्या बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही कुठे शिकवता?"

"मी कापते," ताई म्हणाली. बाई गोंधळल्या. मुली हसल्या. ताईही हसली.

मोठ्या बाईंनी आधी सरांना विचारलं, "तुमच्या म्हणण्याप्रमाणे काय होईल?"

"सारखंच जाईल," सर म्हणाले. "दुसरा धरा नाहीतर सोडा."

"लिहू फळ्यावर?"

"लिहा." मग त्यांनी स्वतःच शेजारी सातव्या प्रश्नाचं गणित मांडलं, उत्तर साठ.

पहिल्या तीन वेळा चेंडू जेमतेम दोन सेंटिमीटर हलले. दमट हवा. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. मफलर घासून घासून माझ्या तळव्यांची आग होत होती. मी पुन्हा घासला. पुन्हा तेच. मला वाटलं, आता सर म्हणतील, झालं ना समाधान?

सर उठले. टेबलावरचा दिवा उचलून त्यांनी दोऱ्यांजवळ आणला. "दोरे दमट आहेत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चेंडूही गरम होऊ देत. पाइपही." पाच मिनिटं ते दिवा धरून उभे राहिले, एकदा या दोऱ्याला, एकदा त्या. चुकीचा झालेला प्रयोग त्यांना सहन होत नाही, हे मला शाळेपासून माहीत आहे.

मग चेंडू उडाले. दोन्ही मोकळे: "पाच," ताई म्हणाली. एक धरलेला: "पावणेसात." पुन्हा. "पाच." "पावणेसात." "पाचाला थोडं कमी." "सात."

सर म्हणाले, "पट्टी मी धरतो." ताईने बाजूला होऊन त्यांना जागा दिली. त्यांनी स्वतः चेंडू अडवला, मी सोडला. "पावणेसात," ताई म्हणाली. त्यांनी आणखी चार वेळा करायला लावलं. शेवटच्या वेळी आकडा ऐकायला ते थांबले नाहीत. फळ्यापाशी गेले आणि स्वतःच्या गणिताकडे पाठीमागे हात बांधून बघत राहिले.

"माझ्या रीतीत," ते म्हणाले, "दुसऱ्या गोळ्याने काय केलं याला जागाच नाही. तो असला काय, नसला काय." मग खडू उचलत: "उत्तर गोल आलं म्हणून मी परत बघितलंच नाही."

त्यांनी साठ पुसलं नाही, त्यावर एक रेघ मारली, वाचता येईल अशी. शेजारी बेचाळीस लिहिलं. "हे कुणी लिहिलं होतं?"

खिडकीजवळची मुलगी उभी राहिली. आणि दोन क्षणांनी, लाल झालेल्या चेहऱ्याने, पहिल्या नंबरची. "मी पण. पण खोडलं, सर."

"का?"

"तुमचं उत्तर साठ असणार हे माहीत होतं."

सरांनी खडू खाली ठेवला. अकरा वर्षांत त्यांना कुणी इतकं लागेल असं बोललं नसेल, आणि ती तर त्यांना बरं वाटावं म्हणून बोलत होती.

२९ जानेवारी

निर्णय झाला. बेचाळीसवाल्यांना पूर्ण गुण, साठवाल्यांचे कापायचे नाहीत. खिडकीजवळची मुलगी छप्पन्न. दुरुस्तीच्या कागदावर सरांची सही आहे. त्यांनी माझा अहवालही लिहिला. मोठ्या बाईंनी मला वाचायला दिला. त्यात इतकं चांगलं लिहिलं आहे की मला ते उतरवून घ्यायचीही लाज वाटते.

मग बाई म्हणाल्या, "तरी मी आज पक्कं करणार नाही. आणखी सहा महिने. सरांना चूक दिसली नव्हती. तुम्हाला दिसली, आणि तुम्ही पुढे गेलात. तुम्हीच लिहिलंय. तुम्ही लिहिलं म्हणून मला कळलं, हेही मी विसरणार नाही. पण ते विसरले नाही म्हणजे तुमची चूक सोडून दिली असं नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे. मला खरंच बरोबर वाटलं. रडू जिन्यात आलं, ते वेगळं.

घरी सांगितलं. ताई सुईत दोरा ओवत होती. "सहाच ना?" ती म्हणाली. "जातील." दोरा काही तिच्याकडून ओवला जाईना. उजेड कमी झाला होता.

३१ जानेवारी

यादी लागली. खिडकीजवळच्या मुलीचं नाव विज्ञानात, खालून चौथं. तिने ते बोटाने शोधलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, दोघांतला एक जड असेल तर मग कसं वाटायचं?" उत्तर मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, उद्या दोघी मिळून करू.

हलक्या पायांनी घरी आले तर ताई स्टुलावर चढून माळ्यावर बॅग ठेवत होती. तिची बॅग, जड. मी खालून हात दिला तेव्हा आत लोखंड वाजलं. तिची मोठी कात्री होती. रोजच्या कामाची कात्री बॅगेत कशाला? मी विचारलं. "उन्हाळी कपडे काढून ठेवतेय," ती म्हणाली.

आईने पलंगावरून तोंड उघडलं. "मी सांगते. आज संध्याकाळच्या गाडीने जायची होती. त्या मैत्रिणीबरोबर भागीदारी. दोन वर्षं ती पोर जागा अडवून बसलीय हिच्यासाठी. पण हिचं म्हणणं, धाकटीचं पक्कं झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आता म्हणते सहा महिने थांबते."

"आई, गप गं."

"का गप? माझे गुडघे गेलेत, जीभ नाही."

मी या वहीची मागची पानं उघडली. "महिनाअखेर. हिचं पक्कं झालं की." माझ्याच अक्षरात. "तेवढी माझ्यासाठी गाळ." तेही माझ्याच अक्षरात. मी सगळं लिहून घेतलं होतं आणि काहीही वाचलं नव्हतं.

मी स्टुलावर चढले आणि बॅग खाली काढली. दारापाशी ठेवली.

"वेडी झालीस? तुझी नोकरी राहते का जाते त्याचा पत्ता नाही—"

"गेली तर दुसरी बघेन. आईला मी बघेन."

"तुला भात लावता येत नाही!"

"शिकेन. मला शिकायची सवय आहे."

ताईने बॅग उचलली आणि माळ्यावर ठेवली. मी खाली काढली. तिने परत वर ठेवली. आई म्हणाली, "पडाल कुणीतरी, मग तिघी माझ्यासारख्या लंगड्या." मी परत खाली काढली. ताईने तिसऱ्यांदा वर ठेवली, या वेळी हळू, एक हात दांडीवर टेकून. मी परत खाली काढली, दारापाशी ठेवली आणि दार उघडलं.

ताईने घड्याळाकडे पाहिलं. या वेळी तिने बॅगेला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या आरशासमोर जाऊन केस विंचरायला लागली.